डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकल्याची

पाचव्यांदा ट्रॅक्टरची चेन उतरली तेव्हा हौशीरामांनी डोक्यावरची टोपी काढून बॉनेटवर आपटली आणि समोरच्या चिंचेकडे तोंड करून ओरडले, "ज्याच्या बाजूची उतरलीय त्यानं येऊन चढवावी म्हणावं!"

चिंचेखाली दहा पावलांवर त्यांचा धाकटा भाऊ सावळेराम बिडी ओढत बसला होता. त्याला सगळं स्वच्छ ऐकू गेलं. पण दहा वर्षांत दोघं भाऊ एकमेकांशी थेट एक शब्द बोलले नव्हते, आणि एका चेनीपायी तो नेम मोडायला सावळेराम काही खुळा नव्हता. त्यानं मान वळवून भावजयीला सांगितलं, "वैनी, दादाला सांगा, हाकणाऱ्याला हाकता येत नसंल तर चेन उतरणारच."

झुंबरबाई दोघांच्या मधोमध उभ्या होत्या. दहा वर्षं त्या तिथंच उभ्या होत्या म्हणा ना.

"दोघांनी बी ऐकलं न्हवं एकमेकांचं?" त्या म्हणाल्या. "मग मी कशापायी घसा कोरडा करू?"

"तसं न्हाई," हौशीराम म्हणाले, "सांगायची रीत हाय."

"मंग सांगते. भावजी, हे म्हन्त्यात चेन चढवा. अवो, भावजी म्हन्त्यात तुमाला हाकता येत न्हाई. झालं? आता चा टाकू का दोघांची डोकी फोडू?"

सोमाजींच्या माघारी वाटणी कशी झाली ते सगळं उगाळत बसत नाही. पण ह्या ट्रॅक्टरचं सांगायलाच हवं. सोमाजी म्हणजे दोघांचे वडील. धरणाचं काम संपल्यावर त्यांनी लिलावात हा चेनचा ट्रॅक्टर घेतला. ह्याला रबरी चाकं नाहीत. दोन अंगांना रोलरवर धावणाऱ्या दोन लोखंडी चेनी, त्या फिरवायला मागच्या बाजूला दोन दातेरी चाकं, आणि पुढं माती लोटायचं भलंमोठं पातं. एकोणनव्वद साली सोमाजी गेले आणि भावांनी सगळं वाटून घेतलं. जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, पितळी घंगाळ तागडीत घालून वाटलं. ट्रॅक्टर काही चिरता येईना. पंच तीन दिवस बसले, मणभर चहा प्याले, आणि तोड काढली. डावी चेन, तिचे रोलर आणि तिचं दातेरी चाक थोरल्याचं. उजवीकडचं तेवढंच सगळं धाकल्याचं. इंजिन सामाईक. आपापल्या बाजूची डागडुजी ज्यानं त्यानं करावी. पंच स्वतःवर बेहद्द खूश होऊन, पुरणपोळी हाणून घरी गेले.

झालं असं, की डाव्यानं नवा रोलर टाकला तर उजव्याला फुकटात सुख, आणि उजव्यानं टाकला तर डाव्याला. मग कोण टाकतंय! हौशीराम निदान आपल्या बाजूला ग्रीस तरी मारायचे. सावळेराम तेवढंही करायचा नाही. नव्याण्णव साल उजाडेपर्यंत चाकांचे दात झिजून पोपटाच्या चोचीसारखे वाकडे झाले आणि चेन दर शंभर पावलांना उतरायला लागली. तेव्हा कुठं दोघा भावांचं दहा वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, तेही झुंबरबाईंच्या मार्फत. गाडी भंगारात घालायची. नारायणगावच्या लालचंदशेठचा ट्रक शनिवारी सकाळी येणार होता. आज गुरुवार. शेवटचं म्हणून मळ्यातली ताल, म्हणजे मातीचा बांध, सारखी करायला गाडी काढली होती, तर पाच वेळा चेन उतरली.

ह्या एकमताची झुंबरबाईंना मात्र धास्ती बसली होती. सासऱ्यांचं शेवटचं आजारपण त्यांनी काढलं होतं, आणि जाताना सोमाजींनी ओढ्याकडचा दोन एकर माळ ह्या सुनेच्या नावावर करून दिला होता. भावकी हसली. कारण त्या माळावर सपाट जागा म्हणाल तर म्हैस बसेल एवढीही नव्हती. इथं उंचवटा, तिथं खड्डा, मधे मुरूम. पण झुंबरबाईंनी तो मनातल्या मनात कधीच सपाट केला होता. तिथं कांदा लावला होता, कांद्यानंतर गहू घेतला होता, कडेनं शेवगाही लावला होता. प्रत्यक्षात नुसती घाणेरीची झुडपं माजली होती. हौशीरामांनी ह्याच गाडीनं ओतूरपासून मंचरपर्यंत लोकांची रानं सपाट केली, पार खोडदच्या दुर्बिणीच्या थाळ्यांपलीकडची. बायकोच्या माळाचा विषय निघाला की म्हणायचे, "घरचंच हाय, कुठं पळून चाललंय?" माळ पळाला नाही हे खरं. पण गाडी चालली होती. आणि ती गेली, की माळ जन्माचा तसाच राहणार होता.

म्हणून त्यांनी कुणाला न विचारता आळेफाट्याहून गोरख मिस्त्रीला बोलावणं धाडलं होतं. दुपारी तो आला. त्याच्या मागोमाग मढहून नणंद कोंडाबाईही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"बापाची वस्तू भंगारात घालताय, आन लेकीला इचारलं बी न्हाई?" पिशवी खाली ठेवायच्या आतच तिनं तोंड सोडलं. "दोघांनी दोन बाजू घेतल्या. पुढचं पातं कुणाच्या नावावर हाय? काढा कागद!"

कागद निघाला. पात्याचा त्यात उल्लेखच नव्हता. पंच चहाच्या नादात विसरले होते.

"मंजे ते माजं," असं म्हणून कोंडाबाई पात्यावर जाऊन बसली ती बसलीच.

गोरखनं गाडीखाली अंग टाकलं, हातोडीनं इकडं तिकडं ठोकलं, थुंकला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "गाडी मेलेली न्हाई. चेनीच्या पिना अजून एकदोन वर्षं काढतील. चाकांचे दात गेल्यात, पन निस्ते एका अंगानं. गाडी कायम पुढं चालती ना, मंजे दातांच्या एकाच बाजूवर जोर. मागची बाजू पार कोरी हाय. डावं चाक उजवीकडं बसवायचं आन उजवं डावीकडं. कोरी बाजू पुढं येती. नवं काय बी लागत न्हाई."

"भाकर उलटल्यावानी," सावळेरामची बायको साळुबाई म्हणाली.

"अगदी तसंच, वैनी."

"मग जितल्या तितंच उलटा की," सावळेरामला शंका आली.

"बसत न्हाई. बोल्टाची बैठक एकाच बाजूला हाय. डावं उलटलं की ते उजवीकडंच बसतं, राव. अदलाबदलच करावी लागती."

अदलाबदल हा शब्द पडला आणि हौशीरामांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"मंजे माजं चाक त्याच्या बाजूला?"

"व्हय."

"मी दहा वर्षं ग्रीस मारलेलं चाक? आन त्याचं ते उकिरड्यावरचं मला?"

"वैनी," सावळेराम उसळून म्हणाला, "दादाला इचारा, उकिरडा कुनाला म्हनतो? माजं चाक कमी झिजलंय, कारन दादा कायम उजवीकडंच वळवतो, जोर पडतो डाव्या चेनीवर!"

"ताई," हौशीराम पात्यावरच्या बहिणीला म्हणाले, "त्याला सांग, उजवीकडं रस्ताच हाय!"

कोंडाबाई आधी धाकट्याच्या बाजूनं बोलली, कारण लहानपणी थोरल्यानं तिची बाहुली विहिरीत टाकली होती. मग धाकट्यानं तिला "म्हातारे" म्हटलं, तेव्हा ती थोरल्याकडून झाली. दिवस मावळेपर्यंत ती चार वेळा फिरली. शेवटी ठरलं ते असं, की अदलाबदल करायची तर पक्क्या कागदावर. मालकी मालकी आहे, उद्या चाकावरून कोर्टकचेरी नको. दोघांनी शुक्रवारी सकाळी जुन्नरला जाऊन स्टॅम्पपेपर करून आणायचा.

"आन तोवर एका बी बोल्टाला हात लावायचा न्हाई!" हे मात्र दोघं एका सुरात म्हणाले, आणि एका सुरात म्हणाले म्हणून दोघांनाही राग आला.

सकाळी दोघा भावांना घेऊन जुन्नरची जीप गेली. निरोप सांगायला कोंडाबाईनं बरोबर जायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी तिनं डोकं धरलं. खरं कारण असं, की पहाटे चुलीपाशी साळुबाईनं तिला बाजूला घेतलं होतं.

"वन्सं, पातं तुमचंच. आमा दोघींना मान्य हाय. हवं तर देवाम्होरं सांगते."

"आन ते दोघं?"

"त्यांना कोन इचारतंय!"

कोंडाबाईच्या डोक्याचं दुखणं तिथंच सुरू झालं.

जीपचा धुरळा खाली बसायच्या आत झुंबरबाईंनी पदर खोचला. गोरख मिस्त्री घुटमळत होता. "वैनी, दादा म्हनलेत हात लावू नगा. त्यांचा कागद येऊ द्या की."

"कागद कवा येतोय? स्टॅम्पवाला न्हाई भेटला, टायपिंगवाला जेवाया गेला, करत करत सांज व्हनार. रातीत तुमी सोळा सोळा बोल्ट खोलनार हाय का? सकाळी ट्रक दारात हाय."

"पन एकट्यानं ते चाक उचलायचं मंजे..."

"एकटे कुठं? आमी तिघी काय पाटावर बसाय आलोय?"

मग चिंचेच्या फांदीला चेनकप्पी बांधली. गोरखनं जोडाची पिन घणानं ठोकून बाहेर काढली आणि चेन जमिनीवर पसरली. गंजलेले बोल्ट काही हलेनात. साळुबाईनं घरातलं सगळं रॉकेल आणून ओतलं, वर नवऱ्याच्या नावानं चार शिव्या ओतल्या, तेव्हा ते हलले. दोन तर छिन्नीनंच तोडावे लागले. चाक सुटलं की कोंडाबाई कप्पी ओढायची आणि ओढताना "हर हर महादेव" म्हणायची, कारण महादेवाचं नाव हजारदा घ्यायचा तिचा भीमाशंकरला नवस होता आणि तोही ह्यातच उरकून घ्यावा असा तिचा हिशेब. आणि चेन पुन्हा चाकावर घेताना गाडी बोटबोट पुढं-मागं करायला जे माणूस लागतं, ते झुंबरबाई. गेली दहा वर्षं चेन उतरली की हौशीराम खाली पहार घेऊन आणि त्या वर सीटवर. "हळूच फुडं. थांब. मागं. अगं मागं!" असं ऐकत ऐकत त्यांचे हात सगळं शिकून बसले होते. त्याला कुणी शिकणं म्हणत नव्हतं, एवढंच.

चार वाजता शेवटचा बोल्ट आवळला. तिघींचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. साळुबाई हसायला लागली ती थांबेना.

पाचला जीप आली. आणि काय सांगावं, दोघं भाऊ पुढच्या सीटवर बसून एकमेकांशी बोलत होते! मधे निरोप्या नव्हता. जुन्नरपर्यंत ते कसेबसे गप्प राहिले, पण टायपिंगवाला विचारायचा, "पार्टी नंबर एकचं म्हणणं काय?" त्याला किती वेळ बोटानं दाखवणार? बोलावंच लागलं. मग मिसळही एकत्र खाल्ली. हौशीरामांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की झुंबरबाईंना क्षणभर फार वाईट वाटलं. आता सांगायचं कसं?

सावळेराम मोठ्यानं वाचू लागला. "कलम तीन. थोरल्याचं चाक धाकल्याच्या बाजूला राहील, परंतु ते थोरल्याचंच मानलं जाईल. कलम चार. धाकल्याचं तसंच. कलम सात. चाकाला चिखल लागल्यास ज्याच्या बाजूला चाक असेल त्यानं धुवावा. कलम अकरा. पुन्हा भांडण झाल्यास चाकं आपापल्या घरी जातील."

"हे अकरावं दादानं सुचवलं," त्यानं अभिमानानं सांगितलं.

"चल गोरख," हौशीराम म्हणाले, "आमच्या सह्या झाल्यात. साक्षीदार म्हनून तू सही कर, आन घे अदलाबदल करून."

गोरखनं झुंबरबाईंकडे बघितलं. साळुबाईनं गोरखकडे बघितलं. कोंडाबाईनं आभाळाकडे बघितलं.

"झालीय," झुंबरबाई म्हणाल्या.

"काय झालीय?"

"अदलाबदल. तुमी गेल्यावर केली. आता परत केली तर झिजलेली बाजू म्होरं येईल."

हौशीरामांनी खाली वाकून चाक पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरं पाहिलं. कोरे करकरीत दात. सावळेरामनं हातातल्या कागदावर बोट आपटलं.

"अकरा कलमं," तो म्हणाला. "दिवसभर बसलो, दादा. अकरा कलमं!"

"आपल्याला न इचारता!"

"दोघांना बी न इचारता, दादा!"

वाटणी झाल्यापासून भाऊ पहिल्यांदा एका बाजूला आले होते, आणि ते बायकांच्या विरुद्ध. दोघांनी चिंचेखाली कुजबुजत मसलत केली. मग हौशीराम पुढं आले आणि निकाल दिला.

"कागदाच्या आधी झालेली अदलाबदल आमी मानत न्हाई. पैलं जसं व्हतं तसं करा. माजं मला, त्याचं त्याला. मंग साक्षीदाराची सही व्हईल. मंग कलम तीनपरमानं रीतसर अदलाबदल करा."

"अवो, मंजे दोनदा खोलायचं? परत हितंच यायला?"

"रीत मंजे रीत."

"हौशीदादा," गोरख हात जोडत म्हणाला, "बोल्ट बघा. दोन तुटलेत, बाकीच्यांचे आटे जाया आलेत. आता खोलले तर परत आवळनार न्हाईत. ह्या गाडीचे बोल्ट आता कुठं बी मिळत न्हाईत. मंग खरंच भंगार."

"व्हऊ दे भंगार! ट्रक सकाळी येतोच हाय," सावळेराम म्हणाला. "इज्जतीचा सवाल हाय. घ्या पाना."

हौशीरामांनी पाना उचलला.

झुंबरबाईंच्या डोळ्यांपुढून तो माळ सरकन गेला. कांदा, गहू, शेवगा, सगळंच. आणि त्यांना असा संताप आला, की नवरा, दीर, रीत, काही काही दिसेना. त्या चेनीवर पाय देऊन वर चढल्या, सीटवर बसल्या आणि सेल मारला. इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं.

"ए, खाली उतर!"

"सरका म्होरनं!"

"अगं, तुला रस्त्यानं कुठं चालवता येती?"

"बघा आता!"

गाडी हलली. पाना हातात घेऊन हौशीराम डावीकडून धावले, कागद हातात घेऊन सावळेराम उजवीकडून. कोंडाबाई पुन्हा आपल्या पात्यावर बसली होती; ती उतरायच्या आधीच गाडी निघाली, म्हणून तिनं किंकाळी फोडली आणि मग वरच बसून राहिली. "सावकास! माजं पातं हाय!" साळुबाई आणि गोरख मागून. ओढ्याकडच्या माळापर्यंत पाचशे पावलं. शंभर झाली. झुंबरबाईंनी दात आवळले. दोनशे झाली. चेन उतरली नाही. दोघं भाऊ वाकून वाकून आपापल्या बाजूला बघत चालले होते, आणि कुठली बाजू कुणाची ह्यात मधेच त्यांचा गोंधळ उडाला, कारण आता डावीकडं धाकल्याचं चाक होतं. त्यांनी बाजू बदलल्या. मग पुन्हा बदलल्या. गाडी आपली सरळ, एका रेषेत चालली होती.

माळावर पोचताच कोंडाबाई उडी मारून उतरली. समोर पहिला उंचवटा होता, घाणेरीनं भरलेला. हौशीराम धापा टाकत आडवे आले आणि त्यांनी हात वर केला. झुंबरबाईंनी इंजिन हळू केलं, पण हात काही दांड्यांवरून काढले नाहीत. उतर म्हणतील, असं त्यांना वाटलं. म्हटलं तर काय बोलायचं तेही त्यांनी जुळवून ठेवलं, आणि त्यातला एकही शब्द इथं छापण्यासारखा नव्हता.

हौशीराम माळाकडे बघत होते. इथला उंचवटा, तिथला खड्डा, असं करत नजर पार ओढ्यापर्यंत गेली. लोकांची एवढी रानं केली, पण इथं ते गाडी घेऊन कधी उभेच राहिले नव्हते. पाना त्यांनी खाली टाकला.

"पानी कुठल्या अंगाला काढायचं?" त्यांनी विचारलं.

झुंबरबाईंना आधी ऐकूच आलं नाही. हौशीरामांनी परत विचारलं, जरा ओरडून. दहा वर्षं झुंबरबाईंजवळ ह्याचं उत्तर तयार होतं, विचारणारं कुणी नव्हतं.

"खालचं अर्ध वढ्याकडं," त्या म्हणाल्या. "वरचं हिरीकडं. मधी बांध नगं."

हौशीरामांनी मान डोलावली. घाणेरीतली एक सरळ काठी मोडली आणि ओढ्याच्या अंगाला खुणेला जाऊन उभे राहिले, जसे ते दुसऱ्यांच्या रानात त्या त्या मालकाला उभं करायचे तसेच. "सावळ्या," तिथूनच त्यांनी थेट हाक मारली, "तू हिरीच्या अंगाला ऱ्हा!" सावळेरामनं एकदा कागदाकडे बघितलं, तो घडी करून टोपीत घातला, आणि काठी शोधायला गेला.

झुंबरबाईंनी काळ्या हातांनीच डोळे पुसले. दोघं सरळ उभे आहेत का ते नीट बघितलं. नवऱ्याला हातानं जरा डावीकडं सरकायला सांगितलं. ते सरकले. मग झुंबरबाईंनी पातं खाली सोडलं.